आवडती बिअर मिळेनाशी झाल्यावर: माल्टची चव असलेली, सहज पिता येणारी लागर कशी शोधावी

नेहमीची बिअर बंद होते, कंपनीची मालकी बदलते आणि तिच्याबरोबर चवही बदलते, किंवा आपणच अशा ठिकाणी राहायला जातो जिथे ती पोचत नाही. मग तिच्या जागी दुसरी शोधताना बहुतेक जण एकतर तशाच रंगाची बिअर उचलतात, नाहीतर त्याच देशातली दुसरी. या दोन्ही वाटांनी हाती फारसे काही लागत नाही, कारण रंगावरून आणि देशावरून चवीचा अंदाज अगदीच ढोबळ बांधता येतो. माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, चव पुढे असलेली आणि तरीही जड न वाटणारी लागर, म्हणजे थंड वातावरणात संथपणे आंबवलेली बिअर, हवी असेल, तर पाहायचा असतो तो कडवटपणाचा आणि घोट गिळल्यावर तोंडात उरणाऱ्या गोडव्याचा मेळ. जुन्या बिअरमध्ये हा मेळ कसा होता हे एकदा ठरवता आले, की शोधाचे क्षेत्र बरेच आटोपशीर होते.

पहिली पायरी: जुन्या बिअरची नोंद

‘छान होती, हलकी होती’ एवढ्या वर्णनावर कोणताही दुकानदार किंवा जाणकार मित्र उपयोगी सल्ला देऊ शकत नाही. म्हणून आठवण ताजी असताना काही प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडू चव रेंगाळत असे की लगेच निवळत असे? वास ताज्या पावाचा होता, पावाच्या खरपूस कडेचा होता, की कॅरॅमलचा? तोंड शेवटी कोरडे होत असे की गोडसर राहत असे? रंगाची नोंद सर्वांत शेवटी करावी. जुनी बाटली किंवा कॅन घरात असेल, तर त्यावरचे अल्कोहोलचे प्रमाण आणि घटकांची यादी पाहावी. यादीत मका किंवा तांदूळ असेल, तर त्या बिअरचा हलकेपणा बऱ्याच अंशी त्यातून आलेला असतो, आणि अशा वेळी केवळ बार्ली माल्टपासून केलेली लागर आपल्याला सुरुवातीला अपेक्षेपेक्षा भरीव वाटेल, हे गृहीत धरावे.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. आपल्याला जी चव आवडत होती, ती बिअर कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात होतीच असे नाही. दूर देशातून येणारी बिअर काही महिने प्रवासात आणि गोदामात काढते. त्या काळात प्राणवायूमुळे तिच्यात मधासारखा किंवा टॉफीसारखा गोडसर वास येऊ लागतो आणि हॉपचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडवटपणा मंदावतो. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतल्या बिअरला प्रकाश लागला, की हॉपमधील घटकांपासून गंधकयुक्त संयुग तयार होते आणि एक उग्र, काहीसा ओंगळ वास येतो. कित्येकांना तो त्या ब्रँडची खूणच वाटू लागतो. जुनी आवडती बिअर अशी आयात केलेली असेल, तर तिचा ताजा पर्याय चाखताना ‘यात काहीतरी कमी आहे’ असे वाटण्याची शक्यता मोठी असते. ती उणीव नव्या बिअरची नसून जुनीच्या शिळेपणाची असू शकते.

माल्टची चव म्हणजे नेमके काय

बार्लीला मोड आणून ती भट्टीत वाळवली की माल्ट तयार होतो, आणि ही भट्टी किती तापवली यावर पुढची सगळी चव अवलंबून असते. फिकट पिल्सनर माल्ट साधारण 80 ते 85 अंश सेल्सिअसला वाळवतात. त्याची चव ताज्या पावाच्या मऊ गाभ्यासारखी, किंचित गोडसर असते. व्हिएन्ना माल्ट त्याहून थोड्या अधिक तापमानाला, तर म्युनिक माल्ट साधारण 100 ते 105 अंशांना वाळवतात. या तापमानाला साखर आणि अमिनो आम्ले यांच्यात अभिक्रिया होऊन पावाच्या कडेचा तो खरपूस, खमंग स्वाद निर्माण होतो. ‘माल्टी’ हा शब्द जाणकार वापरतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा हाच स्वाद अभिप्रेत असतो.

कॅरॅमल माल्टची गोष्ट निराळी आहे. त्यात दाणा ओला असतानाच तापवून आतल्या स्टार्चची साखर करतात आणि मग ती भाजतात. या साखरेचा काही भाग यीस्टला पचत नाही आणि बिअरमध्ये गोडवा म्हणून उरतो. काळपट भाजलेला माल्ट कॉफी किंवा कडू चॉकलेटच्या अंगाने जातो आणि अगदी थोडा घातला तरी रंग गडद करतो. म्हणजे खोल रंगाची बिअर माल्टी असेलच असे नाही, आणि सोनेरी बिअर माल्टी नसेलच असेही नाही. गोडवा आणि माल्टचा स्वाद यांचीही अशीच गल्लत होते. उत्तम डुंकेलमध्ये, म्हणजे म्युनिकच्या गडद लागरमध्ये, खमंगपणा भरपूर असतो, पण शेवट बऱ्यापैकी कोरडा असतो, आणि दुसरा ग्लास घ्यावासा वाटतो तो त्या कोरडेपणामुळेच.

लागरमध्ये हे सगळे इतके स्वच्छ जाणवते त्याचे श्रेय यीस्टला जाते. एल या बिअरच्या दुसऱ्या मोठ्या प्रकाराचे यीस्ट कोमट वातावरणात काम करते आणि फळांसारखे वास निर्माण करते. लागरचे यीस्ट साधारण 8 ते 13 अंशांना संथपणे काम करते, नंतर बिअर गोठणबिंदूच्या आसपास काही आठवडे मुरत ठेवतात, आणि या मुक्कामात तिच्या चवीतले कच्चेपण निघून जाते. त्यामुळे माल्टची चव झाकायला दुसरे फारसे काही उरत नाही. दोषही अर्थातच झाकले जात नाहीत.

दुसरी पायरी: आकड्यांचा आधार घ्यावा

कडवटपणा आयबीयू या एककात मोजतात, आणि अनेक कंपन्या तो आकडा लेबलवर किंवा स्वतःच्या संकेतस्थळावर देतात. मात्र हा आकडा एकटा फसवा असतो. वीस आयबीयूची पातळ बिअर कडू लागू शकते आणि तेवढ्याच आयबीयूची भरीव बिअर गोड लागू शकते. म्हणून त्याच्या जोडीला आंबवण्यापूर्वीच्या द्रावणातील विरघळलेल्या घटकांचे, मुख्यतः साखरेचे प्रमाण पाहावे. चेक बिअरच्या लेबलवर 10, 11 किंवा 12 अंश असे जे लिहिलेले असते ते हेच प्रमाण होय. नवखे वाचक ते अल्कोहोलचे टक्के समजतात, पण 12 अंशांच्या बिअरमध्ये अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपासच असते.

हिशेब सोपा आहे. या अंशांना चाराने गुणावे आणि आयबीयूला त्या गुणाकाराने भागावे. 12 अंशांच्या आणि 20 आयबीयूच्या हेलेस या म्युनिकच्या सोनेरी लागरसाठी 48 ने 20 ला भागले, की साधारण 0.42 येतात. पिल्सनर उर्केल या चेक लागरमध्ये कडवटपणा 40 आयबीयूच्या आसपास असतो, म्हणून तिचे उत्तर 0.8 च्या पुढे जाते. तिच्यात माल्ट भरपूर असूनही पहिल्या घोटानंतर लक्षात राहतो तो कडवटपणा. उत्तर 0.5 च्या खाली असेल तर बिअर माल्टकडे झुकलेली आहे असे मानायला हरकत नाही. द्रावणाचे प्रमाण कुठेच दिलेले नसेल, तर अल्कोहोल 4.5 ते 5.5 टक्के आणि कडवटपणा 25 आयबीयूपेक्षा कमी, एवढी चाळणी लावली तरी सुरुवातीला पुरते.

लोकांनी दिलेल्या गुणांवर मात्र फार विसंबू नये. साध्या, नितळ लागरपेक्षा तीव्र आणि चढ्या चवीच्या बिअरना अधिक गुण मिळण्याकडे अशा याद्यांचा कल असतो, आणि ज्याला रोज सुखाने पिता येईल अशी बिअर हवी आहे त्याच्या कामाची बिअर यादीच्या मध्यावर कुठेतरी पडलेली असते.

तिसरी पायरी: योग्य प्रकारापासून सुरुवात

जुनी बिअर सोनेरी, मऊ आणि कमी कडू होती, तर आधी हेलेस घ्यावी. म्युनिकच्या स्पाटेन ब्रुअरीने ती 1894 मध्ये बाजारात आणली. 1842 मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्लझेन येथे ब्रुअर योसेफ ग्रोल यांनी केलेल्या सोनेरी पिल्सनरची लोकप्रियता वाढत होती आणि बव्हेरियातल्या गडद बिअरला तिचा धक्का बसू लागला होता, त्याला दिलेले हे उत्तर होते. म्युनिकच्या पाण्यात कार्बोनेटचे प्रमाण जास्त असल्याने तिथे हॉपचा कडवटपणा खरखरीत लागतो; त्यामुळे हॉपचा हात आखडता घेतला गेला आणि माल्ट पुढे आला. हेलेसमध्ये कडवटपणा साधारण 16 ते 22 आयबीयू आणि अल्कोहोल 4.7 ते 5.4 टक्के असते. ऑगस्टिनर हेल, वाइहेनश्टेफानर ओरिगिनाल, स्पाटेन म्युनशनर हेल ही या प्रकाराची विश्वासाने घ्यावी अशी नावे आहेत. माझ्या मते, आपल्याला काय हवे हे नीट सांगता येत नसेल तरीही शोध इथूनच सुरू करावा. हेलेस आवडली नाही, तरी ती का आवडली नाही हे पहिल्या ग्लासातच कळते आणि पुढची दिशा मिळते.

हेलेस थोडी पातळ वाटली, तर डॉर्टमुंडर किंवा एक्स्पोर्ट या नावाने मिळणारी किंचित भरीव, किंचित अधिक कडू लागर पाहावी. सोनेरी फेस्टबिअर हीदेखील याच घराण्यातली, पण तिच्यात अल्कोहोल सहा टक्क्यांच्या आसपास असते आणि ते चवीत जाणवत नाही, म्हणून जपून.

जुनी बिअर तांबूस होती आणि तिच्या खरपूसपणाची आठवण येत असेल, तर व्हिएन्ना लागर हा नेमका पर्याय आहे. ऑस्ट्रियातील ब्रुअर अँटोन ड्रेहर आणि स्पाटेनचे गाब्रिएल झेडलमायर हे दोघे 1833 मध्ये ब्रिटनमधील ब्रुअऱ्या पाहायला गेले होते. माल्ट फिकट राखून वाळवण्याचे तिथले तंत्र पाहून आल्यानंतर ड्रेहर यांनी 1841 मध्ये व्हिएन्नाजवळच्या श्वेखाट येथे ही लागर आणली, आणि त्याच वर्षी झेडलमायर यांनी म्युनिकला मेर्त्सन ही तांबूस लागर आणली. पुढे ऑस्ट्रियात व्हिएन्ना लागर जवळजवळ नाहीशी झाली, पण मेक्सिकोत टिकली. मोडेलो नेग्रा आणि डोस एकिस आंबर या तिथल्या बिअर मूळ प्रकाराहून हलक्या आणि गोडसर आहेत, तरी सहज पिता येण्याच्या कसोटीवर त्या चांगल्या उतरतात. अमेरिकेतील सॅम्युअल अ‍ॅडम्स बॉस्टन लागर हिचेही नाव या यादीत घेतले जाते, पण तिचा कडवटपणा 30 आयबीयूच्या घरात असल्याने हॉप नको असलेल्यांनी ती पहिल्या क्रमांकावर ठेवू नये.

मेर्त्सन व्हिएन्नापेक्षा भरीव आणि अधिक खमंग असते. तिच्या बाबतीत लेबल नीट वाचावे लागते, कारण ऑक्टोबरफेस्ट या एकाच नावाखाली दोन वेगळ्या बिअर विकल्या जातात. म्युनिकच्या त्याच नावाच्या उत्सवात 1990 पासून फिकट सोनेरी बिअर दिली जाते, तर निर्यातीसाठी आणि विशेषतः अमेरिकेत याच नावाने तांबूस मेर्त्सन मिळते. लेबलवर मेर्त्सन हा शब्द असेल तर तांबूस समजावी. आयिंगर ऑक्टोबर फेस्ट-मेर्त्सन, 5.8 टक्के अल्कोहोलची, हा तिचा उत्तम नमुना आहे.

डुंकेलला तिच्या रंगामुळे अनेक जण विनाकारण घाबरतात. म्युनिक माल्टवर आधारलेल्या या गडद तपकिरी लागरमध्ये कडवटपणा साधारण 18 ते 28 आयबीयू आणि अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ हेलेसइतकेच असते. आयिंगर आल्टबायरिश डुंकेल किंवा वेल्टेनबुर्गरची बारोक डुंकेल चाखून पाहावी; डोळे मिटून प्यायल्यास ती गडद आहे हे सांगणेही कठीण जावे. चेक गडद लागर याहून गोडसर असतात. त्यांपैकी कोझेलची गडद बिअर अवघी 3.8 टक्क्यांची असून अत्यंत हलकी आहे, तर बुडवारची गडद 4.7 टक्क्यांची आणि अधिक गंभीर चवीची आहे. श्वार्त्सबिअर या जर्मन काळ्या लागरमध्ये, उदाहरणार्थ क्योस्ट्रिट्सरमध्ये, भाजलेल्या माल्टची कॉफीसारखी किनार येते. केवळ खमंगपणा हवा असणाऱ्यांना ती कोरडी वाटू शकते.

बॉक आणि डॉपेलबॉक या कडक जर्मन लागर माल्टने ओथंबलेल्या असतात, पण अनुक्रमे सहा आणि सात टक्क्यांच्या पुढे जातात आणि शेवटी गोडवा मागे ठेवतात, म्हणून त्या सहज पिण्याच्या बिअर नव्हेत. याला नावापुरता अपवाद म्हणजे टेक्सासची शायनर बॉक. ती 4.4 टक्क्यांची, हलकी, तांबूस लागर आहे आणि नाव सोडले तर जर्मन बॉकशी तिचे फारसे नाते नाही. पेनसिल्व्हेनियातील युएंगलिंगची ट्रॅडिशनल लागर, साधारण 4.5 टक्क्यांची, हीदेखील याच वळणाची. ज्यांची जुनी बिअर मोठ्या कारखान्यातली सौम्य तांबूस लागर होती, त्यांना जर्मन मेर्त्सनपेक्षा अशी बिअर अधिक जवळची वाटेल.

चौथी पायरी: खरेदी

बाटली उचलण्याआधी तारीख पाहावी. काही कंपन्या भरल्याची तारीख देतात, काही वापरण्याची अंतिम मुदत. दुसऱ्या प्रकारात मुदत जितकी लांबची तितकी बिअर ताजी असण्याची शक्यता जास्त. कॅनला प्रकाश लागत नाही आणि तपकिरी काच प्रकाश बऱ्यापैकी अडवते. हिरवी बाटली घ्यायचीच असेल तर बंद खोक्यातली मागावी. खिडकीजवळच्या उघड्या फळीवर उभ्या असलेल्या बाटल्या स्वस्तात मिळत असल्या तरी तुलनेसाठी निरुपयोगी समजाव्यात. प्रत्येक प्रकारची एकेकच बाटली घ्यावी, आणि घरी आणल्यावर ती थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी.

पाचवी पायरी: चाखणे

फ्रिजमधून काढलेली बिअर साधारण 4 अंशांना असते, आणि या तापमानाला माल्टचा वास जवळजवळ मुका असतो. हेलेससाठी 7 ते 8 आणि डुंकेलसाठी 8 ते 10 अंश योग्य होत. याचा पडताळा स्वतःच घ्यावा. तेलकटपणाचा अंशही नसलेला स्वच्छ ग्लास घेऊन त्यात थंड हेलेस ओतावी आणि लगेच एक घोट घ्यावा: थंडावा, बुडबुड्यांची झिणझिण आणि किंचित कडूपणा, एवढेच जाणवेल. ग्लास दहा मिनिटे तसाच ठेवून पुन्हा नाकाशी न्यावा. आता पावाच्या गाभ्याचा वास वर आलेला असतो, घोट जिभेवर गोलसर वाटतो, आणि मघाचा कडूपणा मागे सरकलेला असतो. हा दुसरा घोट जुन्या बिअरच्या नोंदीशी ताडून पाहायचा असतो. पहिल्या घोटावरून निकाल देऊ नये.

याच वेळी दोषही ओळखता येतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर शिळी झाली आहे. उकडलेल्या मक्याचा वास माल्टमधील गंधकयुक्त संयुगामुळे येतो. फिकट लागरमध्ये तो पुसट असेल तर चालतो, ठळक असेल तर नाही. लोण्याचा वास काही चेक बिअरमध्ये थोडा अपेक्षितच असतो, जर्मन लागरमध्ये मात्र तो दोष मानला जातो. यांपैकी काही आढळल्यास त्या प्रकाराला फुली मारण्याआधी वेगळ्या तारखेची दुसरी बाटली पाहावी.

दोन बिअर अगदी जवळच्या वाटत असतील, किंवा जुनीची एखादी ताजी बाटली हाती असेल, तर त्रिकोणी चाचणी करावी. दुसऱ्या कुणाला तरी तीन सारख्या ग्लासांत थोडी थोडी बिअर ओतायला सांगावे, दोन ग्लासांत एक आणि तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास कोणता हे न पाहता ओळखावे. एकदा बरोबर येणे हा योगायोग असू शकतो, म्हणून ग्लासांची जागा बदलून चाचणी पुन्हा करावी. फरक पुन्हा पुन्हा चुकत असेल, तर आपल्यापुरता पर्याय सापडला असे समजावे, मग लेबल काहीही सांगो. ग्लासात शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त ओतू नये आणि एका बैठकीत चारपेक्षा अधिक बिअर घेऊ नयेत. त्यानंतर जीभ थकते आणि मत अल्कोहोलच देऊ लागते.

सहावी पायरी: चुकलेल्या निवडीवरून पुढे जाणे

पहिलीच बिअर नेमकी जुळेल अशी अपेक्षा ठेवू नये, पण प्रत्येक नापसंतीतून पुढची दिशा काढावी. कडूपणा जास्त वाटला, तर त्याच रंगाची पण कमी आयबीयूची बिअर घ्यावी. गोडवा चिकट वाटला, तर तो बहुधा कॅरॅमल माल्टचा असतो, म्हणून अमेरिकन तांबूस लागरकडून जर्मन डुंकेल किंवा पारंपरिक व्हिएन्नाकडे वळावे. बिअर पातळ वाटली, तर मका किंवा तांदूळ असलेल्या बिअर सोडून केवळ माल्टच्या बिअर पाहाव्यात. चव पटली पण दुसरा ग्लास नकोसा झाला, तर अल्कोहोलचे प्रमाण अर्ध्या टक्क्याने खाली आणावे; मेर्त्सनऐवजी व्हिएन्ना, फेस्टबिअरऐवजी हेलेस. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशामुळे पडला हे कळत नाही.

स्थानिक छोट्या ब्रुअरीची हेलेस किंवा व्हिएन्ना मिळत असेल, तर तिला या शोधात वरचे स्थान द्यावे. ताजेपणाचा लाभ इतका मोठा असतो की सरस पाककृतीची पण दूरवरून आलेली बिअर तिच्यापुढे अनेकदा फिकी पडते. तिथे काम करणाऱ्यांना नावाने बिअर मागण्याऐवजी ‘कडवटपणा वीसच्या आसपास, म्युनिक किंवा व्हिएन्ना माल्ट, शेवट कोरडा’ असे सांगितले, तर ते नेमकी बाटली पुढे करतील.

शेवटची बाब साठवणीची. मेर्त्सन आणि फेस्टबिअर हंगामी असतात, आणि आपला पर्याय त्यांतच सापडला तर वर्षभर पुरेल इतका साठा करण्याचा मोह होतो. तसे करू नये. थंडीत ठेवूनही काही महिन्यांत त्यांचा खमंगपणा मधाळ आणि मग पुठ्ठ्यासारखा होत जातो. त्याऐवजी हंगामाबाहेर पिण्यासाठी बारमाही मिळणारी एखादी डुंकेल किंवा व्हिएन्ना आधीच ठरवून ठेवावी, आणि पुढच्या हंगामातली मेर्त्सन आली की तिची एक बाटली जुन्या नोंदीशी पुन्हा ताडून मगच खोके घ्यावे.